एप्पडि टीचरच्या वह्या

गेल्या महिन्यात व्हिडिओवर बोलताना ताराने गणिताचा पेपर उलटा करून उशीखाली सरकवला, ते मी पाहिलं. ईशानने लगेच चुगली केली, "आजी, सगळीकडे लाल फुल्या आहेत!" तारा रडवेली होऊन समोरून उठून गेली. मी तेव्हा काही बोलले नाही. असल्या गोष्टी फोनवर नीट सांगता येत नाहीत, आणि मला प्रत्येक गोष्ट नीट लागते हे तुम्हा दोघांना ठाऊक आहे. म्हणून लिहिते आहे. तुमची आई नाशिकची, ती तुम्हाला हे वाचून दाखवील. आम्ही तंजावूरची मराठी माणसं घरात मराठी बोलतो, पण देवनागरी वाचणारी थोडीच. मला माझ्या आईने शिकवली, ती साताऱ्याहून लग्न होऊन इथे आली होती.

लाल फुल्या म्हटलं की मला तुळजाक्का आठवते, कारण तिच्याकडे लाल पेन नव्हतं.

आम्ही दोघी एकाच मुलींच्या शाळेत शिकवायचो. मी इंग्रजी, ती गणित. ती माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, म्हणून आक्का. ठिपक्यांची सुती सुंगुडी साडी, उजव्या खांद्यावर कायम खडूची पूड, वेणीत अबोलीचा गजरा, आणि चालणं असं की तिच्याबरोबर शाळेत यायचं तर मला पळावं लागायचं. वह्या ती पेन्सिलीने तपासायची. बरोबर उत्तराखाली बारीकशी रेघ. चूक असेल तिथे फुली नाही, गोल नाही, काही नाही, समासात तमिळमध्ये एकच शब्द, "एप्पडि?" म्हणजे, कसं?

आणि तो नुसता लिहून ती थांबायची नाही. मधल्या सुट्टीत त्या मुलीला बोलवायची, स्वतःच्या डब्यातली इडली तिच्या हातावर ठेवायची आणि म्हणायची, "उत्तर सोड. वाट सांग. इथपर्यंत कशी आलीस?" मुलगी सांगेपर्यंत ती गप्प बसायची. तिच्याइतकं गप्प बसता येणारी दुसरी बाई मी पाहिली नाही. मुलींनी तिचं नावच एप्पडि टीचर पाडलं होतं. तिला ते ठाऊक होतं आणि आवडायचंही.

हा प्रश्न तिने शाळेत सोडला नाही. रिक्षावाल्याने नवा रस्ता घेतला की एप्पडि. माझी दह्यातली डांगर पचडी तिच्या पचडीपेक्षा आंबट झाली की एप्पडि. काचबिंदू झाल्याचं डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी बरोबर होते. डॉक्टर म्हणाले, "गेलेली नजर परत येत नाही. औषधाने उरलेली सांभाळायची." आक्का म्हणाली, "एप्पडि?" त्या तरुण डॉक्टरांनी औषधाच्या कागदामागे डोळ्याचं चित्र काढलं. ती विचारत गेली, ते सांगत गेले, बाहेरचे पेशंट दारातून डोकावायला लागले. शेवटी डॉक्टर हसून म्हणाले, "याच्यापुढचं मलाच माहीत नाही, अम्मा." बाहेर आल्यावर मला वाटलं ही आता रडेल. ती म्हणाली, "मुलगा चांगला आहे. येत नाही ते येत नाही म्हणाला."

आता वह्यांबद्दल. घरी तिच्याकडे दोनशे पानी वह्या होत्या, एकूण एकतीस. प्रत्येक पानावर तीन रकाने आखलेले. पहिल्यात गणित, दुसऱ्यात मुलीने काढलेलं चुकीचं उत्तर, तिसऱ्यात ती तिथवर कशी आली ते, मुलीच्याच शब्दांत. भाषा आम्हा दोघींच्याही घरातली जुनी मराठी, अक्षरं तमिळ, त्यात तिचे स्वतःचे आखूड शब्द. तिसऱ्या रकान्याचा तिचा नियम कडक होता. मुलीने सांगितल्याशिवाय तो भरायचा नाही. "मी अंदाजाने लिहिलं तर ती माझी चूक होईल, तिची नाही," ती म्हणायची. त्यामुळे काही जागा वर्षानुवर्षं कोऱ्या राहायच्या.

एकदा आम्ही एका माजी विद्यार्थिनीच्या लग्नाला गेलो होतो. रिसेप्शनला मोठी रांग. आमचा नंबर आला. मी नवरीला आशीर्वाद दिला, पाकीट दिलं, फोटोसाठी उभी राहिले. आक्का नवरीच्या कानाशी वाकून म्हणाली, "सातवीत तू एक तृतीयांश अर्ध्यापेक्षा मोठा लिहिला होतास. एप्पडि?"

नवरा गोंधळला. फोटोग्राफर म्हणाला, "मामी, इकडे बघा." नवरीने क्षणभर विचार केला आणि हार सावरत म्हणाली, "आम्ही तिघी बहिणी घरी असलो की आई तिघींत मिळून एक मोठा डोसा घालायची, टीचर. दोघीच असलो की लहान. तिसरा हिस्साच मोठा यायचा."

"दोन वेगळे डोसे!" आक्का माझ्याकडे वळून जवळजवळ ओरडली. "अगे वत्सला, दोन वेगळे डोसे होते!" जेवणाच्या पानावर बसेपर्यंत ती हेच म्हणत होती. घरी जाऊन तिने सगळ्यात आधी वही शोधली आणि नऊ वर्षं कोरी राहिलेली जागा भरली.

आम्ही दोघीही निवृत्त झाल्यावर तिला कुंभकोणमला शिक्षकांच्या एका शिबिरात अर्धा तास बोलायला बोलावलं. कागद न घेता ती बोलली. समोर निवेदिता नावाची एक संपादिका बसली होती. चेन्नईत शिक्षकांसाठी, त्यांच्या प्रशिक्षणासाठी पुस्तकं काढणारं एक प्रकाशन आहे, तिथली. तिने आक्काला गाठून विचारलं, "अम्मा, याचं पुस्तक कराल का?" आणि आठवड्याने एक सहा पानी फॉर्म पाठवला. पुस्तकाचा प्रस्ताव. पुस्तकाची गरज काय, वाचणार कोण, या विषयावरची बाजारातली दुसरी पुस्तकं कोणती आणि तुमचं त्यांच्याहून वेगळं कसं, लेखकाची माहिती, प्रकरणांची यादी, आणि एक नमुना प्रकरण. इंग्रजीत.

फॉर्म घेऊन ती माझ्याकडे आली. उजव्या डोळ्याला तेव्हा मधलंच दिसायचं, कडा गेल्या होत्या.

"वत्सला, वह्या माझ्याशिवाय कोण वाचणार सांग. जयाला तमिळ अक्षरं येतात, पण माझी मराठी कळत नाही. तिच्या पोरांना काहीच येत नाही. तुला दोन्ही येतं. माझा एक डोळा जायला लागलाय. दुसरा जायच्या आत हे व्हायला पाहिजे. नाहीतर या सगळ्या पोरी माझ्याबरोबर गप्प होतील."

तिची मुलगी जया कोइम्बतूरला असते. मी लगेच हो म्हटलं, नवी फाईल काढली आणि सहा भागांना सहा रंगांच्या चिकटपट्ट्या लावल्या. आक्का म्हणाली, "तुझ्या फाईलला बघून प्रकाशक घाबरेल."

रोज सकाळी दहाला ती यायची. मी कॉफी करायची. ती डबऱ्यात, म्हणजे पसरट वाटीत, ओतून गार करत सांगायची, मी लिहून घ्यायची. संध्याकाळी मी त्याचं इंग्रजी करायची.

नमुन्यासाठी तिने निवडलं ते पान मला आजही पाठ आहे. तिरुवैयारुच्या बाजूच्या एका खेड्यातली मुलगी, सहावीतली. तीस मीटर लांब आणि वीस मीटर रुंद शेताचं क्षेत्रफळ काढायचं होतं. मुलीने लिहिलं शंभर. म्हणजे चारी बाजूंची बेरीज केली. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं, सूत्र विसरली. तिसऱ्या रकान्यात मुलीचं बोलणं असं होतं: "अप्पा रोज सकाळी बांधावरून एक फेरी मारतात. घरी येऊन सांगतात, शेत बघून आलो. आत कुणी जात नाही, टीचर. आत पाय ठेवला तर रोप तुडवलं जातं."

दुसऱ्या दिवशी आक्काने अख्खा वर्ग मैदानात नेला, चुन्याने शेत आखलं आणि त्या मुलीला विचारलं, "यात किती रोपं लावशील?" मुलीने वाकून दोन रोपांमधलं अंतर बोटांनी दाखवलं, मग ओळी मोजल्या, आणि आपली आपणच म्हणाली, "अय्यो टीचर, मी बांधच मोजला. शेत राहिलंच." क्षेत्रफळ त्या वर्गाला पुन्हा शिकवावं लागलं नाही.

इथवर सगळं छान चाललं. पुढच्या भागांत माझा जीव वर-खाली व्हायला लागला.

'वाचणार कोण' या प्रश्नाला तिने नावं सांगायला सुरुवात केली. "लिही. सेल्वी, दोन बस बदलून शाळेत जाते, पहिल्या वर्षी रोज रडत घरी यायची. मेरी टीचर, तिच्या वर्गात साठ पोरी आहेत, एकेकीला विचारायला वेळ कुठून आणायचा ते तिला सांगायचंय. परमेश्वरन सर, फार हुशार, म्हणून पोरींना का कळत नाही ते त्यांना कळत नाही."

"आक्का, त्यांना बाजार किती मोठा आहे ते हवंय."

"मी कुठे बाजारात बसलेंय? हे वाचतील ते माझ्या ओळखीचे आहेत. एकेचाळीस आहेत. पुढे लिही."

दुसऱ्या पुस्तकांच्या भागासाठी तिने पाच पुस्तकं मागवली. हातात भिंग धरून पाचही वाचली, दीड महिना लागला. मग प्रत्येकाचं असं कौतुक सांगितलं की विचारू नका. एकातली चित्रं किती स्वच्छ. दुसऱ्यातलं भागाकाराचं प्रकरण आपल्या तरुणपणी मिळायला हवं होतं. तिसऱ्याच्या लेखिकेला भेटून नमस्कार करावासा वाटतो. अडीच पानं स्तुती. तिच्या अगदी शेवटी एक वाक्य: "या पाचही पुस्तकांत चुकीची उत्तरं आहेत, पण एकाही पुस्तकात चुकणारी मुलगी बोलत नाही."

लेखकाच्या माहितीत तर तिने कहर केला. तिचे वडील तिरुवैयारुला व्हायोलिन शिकवायचे. त्या घरात स्वतःविषयी विचारलं तर आधी गुरूचं नाव घ्यायचं, नाव घेताना कानाला हात लावायचा, आपलं नाव शेवटी. आक्का गणिताच्या प्रस्तावातही तेच करत होती. मोजायला शिकले आजीकडून, ती अंगणात कोलमचे, रांगोळीचे, ठिपके घालताना. भागाकार शिकवला अमक्या टीचरनी. मापं शिकवली देवळाजवळच्या फुलवालीने, ती हातभर माळ देताना कोपरापासून मोजते आणि लहान मुलगी घ्यायला आली तरी हात स्वतःचाच वापरते. दर नावाला तिचा हात कानाकडे जायचा. पान संपता संपता, "हे सगळं ज्यांनी दिलं त्यांची मी विद्यार्थिनी, तुळजाबाई."

"तुझं शिक्षण? पदवी? तुला मिळालेलं बक्षीस?" मी विचारलं.

"ते कोण विचारतंय?"

"फॉर्म विचारतोय, आक्का!"

मी काय केलं ते सांगते. मी तिचा प्रस्ताव दुरुस्त केला. एकेचाळीस नावं काढली आणि 'दक्षिण भारतातील प्राथमिक व माध्यमिक शाळांचे गणित शिक्षक' असं इंग्रजीत लिहिलं. पाच पुस्तकांच्या अडीच पानांची एक चौकट केली, प्रत्येकासमोर उणीव काय ती. स्तुती काढली, तेव्हा शेवटचं वाक्यही तिच्याबरोबर गेलं. आजी गेली, फुलवाली गेली. त्या जागी पदवी, वर्षं, बक्षीस. नमुना प्रकरणात मुलीच्या बोलण्याचा मी सारांश केला. सगळं मोजून सहा पानांत बसलं. माझ्या मते इतकं व्यवस्थित काम मी आयुष्यात केलं नव्हतं.

तिला पूर्ण वाचून दाखवलं. ती डोळे मिटून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "फार छान आहे. ही बाई कोण?"

"तूच की."

"असं कां." तिने डोळे उघडले. मग म्हणाली, "सेरी, ठीक आहे. तू इंग्रजी टीचर. तिकडची रीत तुला ठाऊक. पाठव."

तिने माझ्यावर विश्वास टाकला, आणि मी पाठवलं.

तीन आठवड्यांनी निवेदिताचा फोन आला. आक्का समोरच होती, म्हणून मी स्पीकर लावला. मुलगी अवघडली होती. "अम्मा, प्रस्तावात चूक काहीच नाही. तीच अडचण आहे. याच विषयावरचे अजून चार प्रस्ताव टेबलावर आहेत आणि पाचही एकसारखे वाटतात. आमचे मुख्य संपादक म्हणाले, यात नवीन काय? मला उत्तर देता आलं नाही. बैठकीत ते नाकारणारच होते. मी म्हटलं, पुढच्या बैठकीपर्यंत थांबा. पण तोवर काही बदललं नाही तर मलाही काही करता येणार नाही."

आक्काने फोनकडे तोंड केलं. तिच्या आवाजात राग नव्हता. मधल्या सुट्टीतला, इडली हातावर ठेवतानाचा आवाज होता तो.

"नवीन नाही असं त्यांना वाटलं. एप्पडि, कण्णा? सांग बाळा, कुठल्या पानावर?"

निवेदिता गप्प झाली. आक्काही गप्प बसली. मी मधे काहीतरी बोलणार होते, आक्काने हात वर करून मला थांबवलं. बऱ्याच वेळाने ती मुलगी म्हणाली, "सगळ्याच पानांवर, अम्मा. कुंभकोणमला मी तुम्हाला ऐकलं तेव्हा खोलीत दहा-बारा मुली असल्यासारखं वाटलं होतं. या कागदांत त्या कुठेच नाहीत. तुम्हीही नाही."

फोन ठेवल्यावर मी आक्काकडे बघू शकले नाही. स्वयंपाकघरात गेले आणि स्वच्छ असलेलीच भांडी घासायला घेतली. ती मागून आली, दाराची चौकट चाचपत.

"वत्सला, मी सांगितलेलं सगळं कुठे आहे? टाकलंस?"

मी कागद टाकत नाही, तुम्ही माझं कपाट पाहिलेलं आहे. जुना मजकूर एका वेगळ्या फाईलमध्ये होता, वर मीच 'रद्द' असं लिहिलेलं. ती फाईल आणली. आक्का म्हणाली, "आता यातलं काही काढायचं नाही. नुसतं इंग्रजी कर. माझं वाक्य वेडंवाकडं असेल तर तसंच राहू दे." आणि वर, "शुद्धलेखन मात्र तुझं."

आठ दिवस आम्ही बसलो. या वेळी मी फक्त हात होते. काढलेलं सगळं पुन्हा आत गेलं: एकेचाळीस नावं गेली, परमेश्वरन सरांसकट. अडीच पानं स्तुती गेली. फुलवाली गेली. फॉर्ममध्ये सहा पानं सांगितली होती, आमची एकोणीस झाली. पाठवायचं बटण दाबायच्या आधी मी पानं पुन्हा मोजायला लागले. आक्का शेजारी बसून म्हणाली, "दाब गे. नापास झालो तर पुन्हा बसू."

नापास झालो नाही. महिन्याने पत्र आलं, ते मी तिला तीनदा वाचून दाखवलं. मुख्य संपादकांनी बैठकीत वाचकांची नावं मोठ्याने वाचली होती. निवेदिताने लिहिलं होतं की परमेश्वरन सर आले तेव्हा सगळे हसले आणि मग जरा शांत झाले, कारण टेबलाभोवती सगळे तसेच हुशार लोक होते. चुकणारी मुलगी बोलत नाही, हे वाक्य त्यांना पुस्तकाच्या मागच्या पानावर हवं होतं. लेखकाची माहिती आहे तशीच छापायची. बांध मोजणाऱ्या मुलीचं प्रकरण पहिलं. हस्तलिखित वर्षभरात द्यायचं.

आक्काने ऐकलं, कानाला हात लावला, आजीचं नाव घेतलं आणि म्हणाली, "चल, पहिली वही काढ."

तेव्हापासून मी वाचते, ती सांगते, मी लिहिते. तिसऱ्या प्रकरणापर्यंत ती रोज इथे आली. पुढे डावा डोळाही कुरकुरायला लागला आणि जयाने कोइम्बतूरला यायचा आग्रह धरला. तिथे डोळ्यांचं चांगलं हॉस्पिटल आहे, घरही जवळ. जायच्या आदल्या दिवशी ती वह्या माझ्याकडे ठेवायला आली. आम्ही एकेक मोजून कपाटात लावत होतो. एकतीस असायला हव्या होत्या, बत्तीस निघाल्या.

शेवटची वही नवी होती. पहिल्याच पानावर एक नोंद, बाकी सगळी कोरी. अक्षरं मोठी, एकमेकांवर चढलेली, रेघ सोडून खाली उतरलेली.

"वाच की," ती म्हणाली.

पहिल्या रकान्यात लिहिलं होतं: मैत्रिणीचं पुस्तक प्रकाशकाला दाखवायचं आहे. दुसऱ्यात: वत्सलाने त्यातून सगळी माणसं काढली.

मी थांबले.

"तिसरा रकाना?"

"कोरा आहे."

"असणारच. तू अजून सांगितलं नाहीस." ती खाली बसली, भिंतीला टेकली आणि गप्प झाली. चाळीस वर्षं मुलींसमोर बसायची तशी. तारा, त्या वेळी मला कळलं की तिच्यासमोर बसल्यावर भीती का वाटायची नाही. तिला खरोखरच जाणून घ्यायचं असायचं. दुसरं काही नाही.

मी म्हटलं, "ते चेन्नईचे लोक तुला हसतील असं वाटलं, आक्का. फुलवालीला, कानाला हात लावण्याला. मी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. आपल्यासारखी माणसं त्यांच्यासमोर कशी नीटनेटकी दिसली पाहिजेत, तेच शिकवलं. तुला कुणी हसलेलं मला चाललं नसतं."

"म्हणून मला आधीच लपवून ठेवलंस."

"हो."

"चांगली वाट आहे," ती म्हणाली. "चुकीच्या जागी पोचते, पण वाट चांगली आहे. लिही तिथे. तुझ्याच शब्दांत." मी लिहिलं. माझ्या नीट अक्षरात, रेघेवर. नववं प्रकरण शिक्षकांच्या चुकांचं आहे, त्याची सुरुवात या नोंदीने होणार आहे. नाव बदलू का, असं तिने विचारलं होतं. मी नको म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तिला स्टेशनवर पोचवायला गेले. जया सामान लावत होती. आक्का खिडकीशी बसली. मी फलाटावर अगदी समोर उभी होते, पण ती माझ्या डावीकडे बघून हात हलवत होती. मी दोन पावलं सरकून तिच्या नजरेसमोर आले, तेव्हा ती हसली. "रोज दहाला फोन," ती म्हणाली, "कॉफी करून मग लाव. कॉफीशिवाय तुझं इंग्रजी कडू येतं." मग जयाने काच खाली ओढली, बाहेरून धूळ येत होती.

गाडी सुटायला दोन-तीन मिनिटं होती. तिच्या समोरच्या बाकावर आठ-नऊ वर्षांची एक मुलगी मांडीवर वही ठेवून काही लिहीत होती. तिने खोडरबर काढला आणि जोरजोरात खोडायला लागली. आक्काला ते दिसलं असेल असं मला वाटत नाही, आवाजच ऐकू आला असेल. तिने हात पुढे केला, चाचपत, आणि खोडणारा तो हात धरून थांबवला. मुलीने वर पाहिलं.

काचेपलीकडचं मला काही ऐकू आलं नाही. पण तिचे ओठ हलले, आणि तो एकच शब्द होता. मग ती मागे टेकली आणि वाट बघत बसली. गाडी हलली तेव्हा ती मुलगी बोलायला लागली होती.